बारा गुण, पण कोणासमोर?

कॉलेजात गाजलेला चढाईपटू प्रो कबड्डीत टिकेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं? हा प्रश्न पूर्वी गप्पांपुरता होता. आता त्यावर पोरांचं आयुष्य ठरतं. २०२२ पासून लीगच्या लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन संघांचे मिळून चोवीस खेळाडू येऊ लागले. शिवाय ‘नवे तरुण खेळाडू’ या योजनेतून संघ लिलावाबाहेरही पोरं उचलतात. म्हणजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या संघात नाव लागलेला मुलगा आणि टीव्हीवरची मॅट यांच्यात निदान कागदावर तरी एक वाट आहे. त्या वाटेवर कोणाला पुढे ढकलायचं, हे ठरवणारी नजर मात्र अजून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या चार जाणत्या माणसांचीच आहे.

अशा जाणत्यांपैकी एक आमच्या भुसावळजवळच्या दीपनगरात राहतात. औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, नोकरीत असताना विभागाच्या संघातून डावा कोपरा सांभाळलेले. सगळी वसाहत त्यांना मामाच म्हणते. त्यांचा सख्खा भाचा पुण्यात सामन्यांच्या चित्रफिती पाहून आकडे काढण्याचं काम करतो. सुट्टीत तो आला की दोघांचं जुंपतं. त्यांचं हे बोलणं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण दोघांनाही पोरांची तळमळ आहे आणि तरीही दोघांचं पटत नाही.

मामा: तुम्ही आकडेवाले पोराला पाह्यच्या आधी त्याचा कागद पाहता. मी पोऱ्याचा मागचा पाय पाहतो.

भाचा: मागचाच का?

मामा: पुढचा पाय फसवायला असतो भो. लाथ दाखवायची, बोनस दाखवायचा, सगळं पुढच्या पायानं. जीव मागच्या पायावर असतो. निदान रेषा ओलांडली की कच्चा पोरगा दोन्ही पाय जवळ घेतो. मग कोपऱ्यानं घोट्याला हात घातला की तो उभ्या उभ्या जातो. पक्का पोरगा मागचा पाय आडवा, रुंद ठेवतो, टाच उचललेली. त्याला कुठूनही परत फिरता येतं. हे तुझ्या कागदावर कुठं येतं?

भाचा: येत नाही. पण मामा, तुम्ही ते किती सामने पाहून सांगता?

मामा: एक अर्धा डाव पुरे.

भाचा: तिथंच माझं भांडण आहे. अर्ध्या डावात एका चढाईपटूच्या आठ-दहा चढाया होतात. त्यातल्या निम्म्या तर तीस सेकंद काढून परत यायच्या. मग उरलेल्या चार-पाच चढायांवर तुम्ही पोराचं भविष्य सांगता?

मामा: परत यायच्या चढाईतच जास्त कळतं. गुण घ्यायची घाई नसताना तो काय करतो? नुसता मध्यरेषेजवळ नाचतो, का समोरची साखळी कुठं सैल आहे ते पाहून येतो? ज्याची रिकामी चढाई रिकामी नसते, तो पोरगा माझा.

मामांच्या या म्हणण्याला तोड नाही. कबड्डीचा वृत्तांत लिहिताना रिकाम्या चढाईला आपण शून्य मानतो. पण दोन रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते, आणि त्या तिसरीत कुठं घुसायचं हे पहिल्या दोनमध्येच शोधलेलं असतं. भाच्याचा मुद्दा मात्र वेगळाच निघाला.

भाचा: मी कागदाची बाजू घेतो म्हणजे गुणांची बेरीज घेतो असं नाही. बेरीज तर मलाही खोटी वाटते. समजा एका पोरानं आंतरमहाविद्यालयीन सामन्यात बारा गुण घेतले. पेपरात काय छापून येईल? ‘चौफेर चढाया’. बस. आता ते बारा उलगडा. चार बोनसचे. समोर सहा-सात जण उभे असताना बोनस मिळतो, आणि कॉलेजच्या संघातला कोपरा बोनसवर पाय घालायलाच शिकलेला नसतो. तीन गुण समोरची साखळी घाबरून स्वतःच राखीव क्षेत्रात गेली म्हणून. आणखी तीन, मैदानात दोघं-तिघं उरलेले असताना. खरे कमावलेले गुण राहिले दोन. दुसऱ्या एका पोराचे सहाच आहेत, पण सहाही ‘करो या मरो’त, पूर्ण सात जणांसमोर. तुम्ही कोणाला घ्याल?

मामा: दुसऱ्याला. पण हे मले तिथं उभं राहून दिसलेलंच असतं.

भाचा: तुम्हाला दिसतं. तुम्ही दीपनगरात असता. मुंबई-पुण्याच्या निवड करणाऱ्याला कसं दिसणार?

मामा यावर गप्प बसले नाहीत, पण उत्तरही देऊ शकले नाहीत. मला हा या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जाणत्याची नजर त्याच्याबरोबर गावातच राहते. ती दुसऱ्याला देता येत नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी किलोवरच्या स्पर्धा होतात, गणपती-नवरात्रात मंडळं सामने भरवतात, कॉलेजांचे सामने होतात. गुणलेखक तक्त्यावर गुण मांडतो, सामना संपला की तो तक्ता गुंडाळून कपाटात जातो. कोणाची चढाई कोणी कशी अडवली हे त्यात नसतंच. आमच्या पोरांचा खेळ त्याच रात्री पुसला जातो.

भाचा: अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर म्हणून एक जागा असते. कडेनं पळत जाऊन, अंगावर पहारा असताना लांबून आलेला चेंडू झेलणारा गडी. आपल्या चढाईपटूसारखाच, एकटा आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. तिथं बत्तीस संघ दरवर्षी कॉलेजची पोरं पाळीपाळीनं निवडतात, सात फेऱ्या. गेल्या मोसमात सगळ्यांत खाली राहिलेल्याची पाळी पहिली. त्याआधी इंडियानापोलिसला पोरांची तपासणी होते. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळून दाखवायचं. २०१७ साली जॉन रॉस नावाच्या पोरानं ते ४.२२ सेकंदांत पळून विक्रम केला. सिनसिनाटीनं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पुढं त्याचं फारसं काही झालं नाही.

मामा: पाह्य! नुसत्या घड्याळावर निवडला.

भाचा: थांबा ना मामा, दुसरं ऐका. २०२० साली फिलाडेल्फियाची पाळी एकविसावी. त्यांनी जेलन रेगर घेतला, चपळ आणि उसळी मारणारा. बाविसाव्या पाळीला मिनेसोटानं जस्टिन जेफरसन घेतला. जेफरसननं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी १११ झेल घेतले होते, १,५४० यार्ड. रेगरचे ४३ झेल, ६११ यार्ड. कागद ओरडून सांगत होता. तरी जेफरसनबद्दल शंका काय, तर म्हणे त्याला मैदानाच्या आतल्या बाजूला मोकळी जागा मिळते, कडेला पहारेकऱ्यासमोर जमेल का? जेफरसननं पहिल्याच मोसमात १,४०० यार्ड काढले. रेगरला फिलाडेल्फियानं दोन वर्षांनी सोडलं, आणि तो गेला कुठं? मिनेसोटालाच, जेफरसनच्या मागं.

मामा: मग तूच सांग, ती शंका चूक होती का?

भाचा: निकाल चूक निघाला.

मामा: निकाल नाही विचारत. शंका विचारली. त्या पोऱ्याला मोकळी जागा मिळत होती का नाही?

भाचा: मिळत होती.

मामा: मग शंका बरोबर होती. विचारायचं ते विचारलं, उत्तर चुकीचं धरलं. तुझ्या त्या बारा गुणांच्या पोराबद्दल तू हेच विचारून राह्यला का नाही, की कोणासमोर घेतले?

भाच्याला हे कबूल करावं लागलं. दोघंही एकाच प्रश्नाशी आले होते, पण मामा लगेच दुसरीकडे वळले.

मामा: आता माझं ऐक. कॉलेजच्या मैदानात तू एक गोष्ट विसरतो, अंग. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय सतरा ते पंचवीस चालतं. पंचविशीचा भरलेला गडी सतरा-अठराच्या पोरांना खांद्यानं ढकलून रेषेपर्यंत येतो. तुझ्या वहीत गुण एकच. पण त्याची वाढ संपली, आणि ज्या पोरानं त्याच्यासमोर चार गुण घेतले त्याची अजून हाडं भरायची आहेत.

भाचा: म्हणून तर मी प्रत्येक गुणाशेजारी वय लिहा म्हणतो! अमेरिकेतले लोक हेच पाहतात, पोरगा कितव्या वर्षी चमकला. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांमध्ये चमकला तर त्याचा भाव वेगळा, तेविसाव्या वर्षी चमकला तर वेगळा.

मामा: वय जन्मदाखल्यावरचं लिहिणार का खरं?

भाचा: मामा!

मामा: हसू नको. मी मैदानात आयुष्य काढलं. दातावरून, मनगटावरून कळतं मले. आणि दुसरं, माती. आमचा पोरगा मातीवर अनवाणी खेळतो. मातीत पाय थोडा सरकतो, मग थांबतो. मॅटवर बूट घालून तो पाय जिथं टेकला तिथंच रुततो आणि वरचं शरीर फिरतं. गुडघा तिथं जातो. मातीवर पाखरासारखा वळणारा पोरगा मॅटवर दोन महिन्यांत पट्टी बांधून बसलेला पाह्यलाय मी.

गुडघ्याचा हा मुद्दा हवेतला नाही. २०२२ च्या लिलावात पवन सेहरावतला तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं, तेव्हाचा तो विक्रम. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सगळा हंगाम गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे जाणत्यांचा त्याच्यावरचा विश्वास ढळला नव्हता. पण पवनची नजरेत भरलेली कारकीर्द आधीच उभी होती. पहिल्याच हंगामात गुडघा गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरासाठी कोण थांबतं?

भाचा: बरं, मग सिद्धार्थ देसाई घ्या. चंदगडकडचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. २०१८ साली पहिल्यांदाच लीगमध्ये उतरला, यू मुंबानं ३६ लाख ४० हजारांना घेतलेला. एकवीस सामन्यांत चढाईचे २१८ गुण. दर सामन्याला दहाच्या वर! पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्याच्याबद्दल तुमची नजर काय सांगत होती?

मामा: उंची सांगत होती. लांब हात सांगत होता. पण जास्त काय सांगत होतं, तर तो पकडीत सापडल्यावर थांबत नाही. कंबरेला दोघं लटकलेले असताना त्याचा हात मध्यरेषेकडे जातच राहतो. पोरं ‘बाहुबली’ म्हणतात ते ताकदीसाठी, मी म्हणतो जिद्दीसाठी. मी अजून एक पाहतो. पोऱ्याची पकड झाली, तो बाहेर बसला. संघानं गुण घेतला, तो जिवंत होऊन आत आला. त्यानंतरची त्याची पहिली चढाई! सगळं तिथं आहे. एक पोरगा रागानं त्याच कोपऱ्यावर जातो आणि पुन्हा सापडतो. दुसरा घाबरून मध्यरेषेवरून परत येतो. तिसरा त्या कोपऱ्याला लाथ दाखवतो आणि मध्यरक्षकाला हातस्पर्श करून येतो. तिसरा मले द्या.

भाचा यावर बराच वेळ काही बोलला नाही. त्यानं मोबाइल काढला आणि खरोखरच लिहून घेतलं, ‘जिवंत झाल्यानंतरची पहिली चढाई’. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यांत कामाचं वाक्य तेच होतं, कारण ते नजरेतून आलेलं असलं तरी मोजता येतं. कुठल्याही पोराच्या दहा सामन्यांत अशा चढाया निघतात. त्यांचा निकाल लिहिला की जिद्द, राग, भीती, डोकं यातलं काय आहे ते थोडं तरी कागदावर उतरतं.

भाचा: आता माझं एक मान्य करा. एका हत्यारावर चालणारा पोरगा कॉलेजात चालतो, वर चालत नाही. कॉलेजात समोरच्यांनी त्याला आधी पाहिलेलंच नसतं. लीगमध्ये प्रत्येक संघ चित्रफीत घेऊन बसलेला असतो. तिसऱ्या सामन्यापर्यंत डाव्या कोपऱ्याला पाठ झालेलं असतं की हा नेहमी उजव्या पायाची लाथ मारतो.

मामा: मान्य. पण प्रदीप नरवालचं काय? त्याची डुबकी सगळ्या देशाला पाठ होती. तरी २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण. एका सामन्यात चौतीस!

भाचा: आणि २०२१ ला १ कोटी ६५ लाखांना गेलेल्या प्रदीपला २०२५ च्या लिलावात कोणीच घेतलं नाही. त्यानंतर त्यानं निवृत्ती घेतली. डुबकी मारून खालून निसटायला समोरची साखळी वर उठून यायला हवी. ती उठेनाशी झाली.

मामा: अठराशेच्या वर गुण घेऊन गेला तो. अशी एकच कला मले दे, मी दुसरी मागणार नाही.

इथं मी मामांच्या बाजूनं आहे. एक कला अव्वल असेल तर ती आठ-दहा वर्षं पुरते, आणि निवड करणाऱ्यानं चारी कला बऱ्या असलेल्या पोरापेक्षा तिच्यावर डाव लावावा. पण ती कला समोरच्यानं ओळखल्यानंतरही चालते का, हे पाहण्यासाठी त्याच संघाविरुद्धचा दुसरा सामना पाहावा लागतो. आपल्याकडे बाद पद्धतीच्या स्पर्धा असतात, एकदा हरलं की घरी. त्यामुळे कॉलेजचा चढाईपटू ओळखला गेल्यावर काय करतो, हे आपल्याला कधीच दिसत नाही. साखळी पद्धतीचे, दोन-दोनदा भिडणारे सामने जिल्ह्यात सुरू झाले तर निवडीचं निम्मं काम तिथंच होईल. युवा कबड्डी मालिकेनं २०२२ पासून तरुणांना अशी सामन्यांची रांग देऊन पाहिली, हे त्याच दिशेचं पाऊल आहे.

मामा: तू अस्लम इनामदारचं नाव कसं काढलं नाही?

भाचा: काढणारच होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा. लिलावात मोठी बोली लागून आलेला नाही, नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून पुणेरी पलटणमध्ये आला. १ मार्च २०२४ ला त्याच्या कर्णधारपदाखाली पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं, आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. नाशिकचा आकाश शिंदेही तेव्हा त्याच संघात होता. दोघंही हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आले. आता सांगा, अहिल्यानगर, नाशिक झालं. जळगाव-धुळ्याचं नाव का येत नाही?

मामा: पोरं कमी नाहीत.

भाचा: मग?

मामा: पोऱ्या बावीसचा झाला की घर विचारतं, नोकरीचं काय? भुसावळला रेल्वे आहे. पोलीस भरती आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी राज्याच्या, देशाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. बाप केळीच्या बागेत मजुरी करतो त्यानं काय करायचं? लीगच्या दारात दोन वर्षं थांबायचं, का भरतीच्या मैदानावर धावायचं? मी पोराला विचारतो तेव्हा नोकरीच सांगतो.

भाचा: म्हणजे तुम्हीच अडवता.

मामा: हो. अडवतो. लीगमधलं पोरगं एका दुखापतीत घरी येतं. लिलावात सगळ्यांत खालच्या गटाची मूळ किंमत नऊ लाख आहे, ऐकायला मोठी वाटते. पण ती एका हंगामाची. पुढच्या वर्षीचं कोण सांगतं?

भाचा: रेल्वेही कबड्डीच्या जोरावरच घेते ना? तिथले निवडणारेही हेच विचारणार, कोणासमोर खेळला? प्रत्येक चढाईची नीट नोंद असलेली वही असेल तर ती लीगला दाखवा, रेल्वेला दाखवा, पोलिसांना दाखवा. वही पोराची आहे, लीगची नाही.

मामांचा आवाज इथं खाली आला. वहीला त्यांचा विरोध होता तो वही पोराला लिलावाच्या बाजारात उभं करेल या भीतीनं, हे मला तेव्हा कळलं. नोकरीच्या दारातही तीच वही चालेल म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, त्यात लिहायचं तरी काय काय?

भाचा: चढाई कितवी. समोर किती जण. बोनस, हातस्पर्श, लाथ की डुबकी. कोणत्या बाजूनं घुसला. पकड झाली तर कोणी केली, घोट्याला की मांडीला की कंबरेला. सेकंद किती लागले. समोरच्या कोपऱ्याचं नाव आणि वय.

मामा: आणि माती का मॅट. आणि ऊन. मेमधल्या आपल्या पंचेचाळीस डिग्रीत पाचला सुरू झालेल्या सामन्यात उत्तरार्धाच्या चढाया वेगळ्या लिही. ज्याचा दम तेव्हाही सुटत नाही, त्याची गोष्टच वेगळी.

भाचा: लिहितो. मागचा पायही लिहितो, पण तो तुम्ही सांगायचा.

मामा: तो मी सांगेन. पण कितव्या सामन्यानंतर तू पोराचं नाव पुढे पाठवणार?

भाचा: दहाव्या.

मामा: दहा सामने खेळायला मिळतात का आपल्या पोराला वर्षात, चांगल्या संघासमोर? मंडळांचे धरले तरी? तू दहा म्हणून राह्यला, तोवर त्याचं कॉलेज संपतं. मी तीन म्हणतो. एक मॅटवर, एक रेल्वेच्या संघासमोर, आणि एक ज्या संघानं त्याला आधी पाडलंय त्याच संघाशी.

भाचा: तिनावर मी माझी सही नाही करणार.

मामा: मग माझी घे. सही माझी, आकडे तुझे. पुढच्या रविवारी रेल्वेच्या मैदानावर पोरांचा सराव सामना आहे, पाचला. पहिला तिथूनच धर.